तापीच्या पुलावरचा आडोसा

मिरची वाळायला पडली की मला खोकला सुरू होतो, आणि खोकला सुरू झाला की दिलवर आठवतो. यंदाही तसंच झालं. परवा सकाळी सायकलींचा सराव करत नंदुरबारच्या अलीकडे पोचलो. तिथं मोकळ्या रानात मिरची पसरतात, त्या जागेला इथं पथारी म्हणतात. नजर जाईल तिथवर जमीन लालभडक. तोंडाला फडकी बांधलेल्या बाया वाकून मिरची उलटीपालटी करत होत्या. वारा आमच्याकडे वळला आणि रांगेतला पहिला खोकला. मग दुसरा, मग तिसरा. सायकलींच्या रांगेत खोकला असा पुढून मागं सरकत येतो, आपली पाळी आल्यासारखा. दिलवर आमच्या टीमचा कप्तान होता तेव्हा पहिला खोकला त्याचा असायचा, कारण पुढं तोच असायचा.

मी इथला नाही. माझं गाव जत तालुक्यात, इथून एक रात्र आणि वर निम्मा दिवस एसटीत काढला की येतं. नववीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, घरी कुणी फार अडवलं नाही. सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीला जायचो आणि उशीर होईल या भीतीनं जोरात मारायचो. माझ्या पायातला जोर सगळा भीतीचा आहे, असं मला अजून वाटतं. आमच्याकडं जत्रेत सायकलच्या शर्यती असतात. एका जत्रेत मी पहिला आलो, पितळी हंडा मिळाला, आणि त्या गर्दीत बेदाण्याच्या सौद्याला आलेले शहाद्याचे एक केळीचे व्यापारी उभे होते. त्यांना सगळे भाई म्हणतात, मीही म्हणतो. आमची गुजर मंडळी केळी पिकवतात आणि मी सायकलवाले पिकवतो, असं ते हसत म्हणायचे. त्यांनी ब्राह्मणपुरीच्या मळ्याजवळ पगारी सायकलपटूंची टीम काढली होती. निळी जर्सी, सहा जण, आणि सायकली न्यायला केळीचा ट्रक. आम्ही कुठंही उतरलो तरी आमच्या सायकलींना कच्च्या केळ्यांचा वास यायचा. बाकीच्या टीमवाले आम्हाला केळावाले म्हणत. जिंकलो की आदरानं, हरलो की नुसतं.

इथं आलो तेव्हा मला बोलणंच कळायचं नाही. बाजारात अहिराणी, भाईंच्या घरात गुजरी, दिलवर फोनवर आईशी बोलायचा ती पावरी. माझी मराठी ऐकून भूषण म्हणायचा, हा पेपर वाचल्यासारखा बोलतो. भूषण शहाद्याचाच, टीममधला तोंडाळ. पहिल्या दिवशी भाईंच्या वहिनी, आम्हा सगळ्यांच्या मंगलाकाकी, ताट वाढून उभ्या राहिल्या आणि मी मात्र सायकलीला कुलूप लावलंय का ते बघायला दोनदा उठलो. तिसऱ्यांदा उठणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “बठ रे पोऱ्या, खाई ले. सायकल काय पयी जाई ऱ्हायनी का?” मला तेव्हा फक्त खाई ले कळलं, सायकल पळून जाते का असं विचारलं ते नंतर. तेवढं कळणं पुरेसं होतं. त्या ताटातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर लाल मिरचीचा ठेचा आणि जळजळलेली जीभ. घराबाहेरचं माझं पहिलं घर त्या जळजळीतून सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

हिवाळा म्हणजे आमचा हंगाम. साखर कारखान्याचाही तोच. पुरुषोत्तमनगरचा भोंगा झाला की आम्ही निघायचो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यातून पडलेली कांडकी, चाकाखाली चिरडलेल्या उसाचा गोडसर वास. वळणावर पाचट आलं की दिलवर हात खाली करून बोट दाखवायचा आणि ती खूण रांगेतून मागं जायची. म्हसावद, राणीपूर, मग तोरणमाळचा घाट. घाटात दिलवरचं गाव जवळ होतं. तिथली पोरं वळणावर उभी राहून त्याला पावरीत काहीतरी ओरडायची आणि तो न हसता मान हलवायचा. काय म्हणतात विचारलं तर म्हणायचा, “विचारतात, मागचा तो काळा कोण, रडतोय का.” मागचा काळा म्हणजे मी.

घाटात मी बरा होतो. माझी अडचण वाऱ्याची. अंगानं किरकोळ, त्यात घाबरट. बाजूनं वारा आला की सायकल हातातून निसटेल असं वाटायचं. आणि शहाद्याहून नंदुरबारकडं जायचं तर प्रकाशाला तापी ओलांडावी लागते. तो लांब पूल, खाली रुंद पाणी, दूर देवळांचे कळस, आणि हिवाळ्यात पूर्वेकडून येणारा असा वारा की कठड्याला वाळत टाकलेलं धोतर आडवं होऊन राहावं.

पुलावर आमच्या टीमची एक रीत होती. दिलवरनं लावलेली. सगळ्यात दणकट असेल त्यानं वाऱ्याच्या अंगाला राहायचं, आणि सगळ्यात कच्चा असेल त्यानं त्याच्या दुसऱ्या अंगाला, कमरेशी चाक लावून. त्याला आम्ही आडोसा म्हणायचो. आडोसा तयार झाला की दिलवर मागं न बघता आपल्या कमरेवर दोनदा थाप मारायचा. म्हणजे जागा आहे, ये. मी जायचो. तिथं पोचलं की कानातला आवाज एकदम बंद व्हायचा. पुलावर वादळ चाललंय आणि आपण मात्र कुणाच्या तरी घरात बसलोय, असं. दोन हिवाळे मी तापी तशीच ओलांडली. जाताना त्याच्या उजवीकडून, येताना डावीकडून. दिलवरचा चेहरा आठवायला मला आजही थोडा वेळ लागतो. पाठ मात्र लगेच आठवते. मानेखालचा घामाचा त्रिकोण, एका खांद्यावर उसवलेली शिवण, डावा पाय दाबताना होणारी किंचित हालचाल. एखाद्याचे उपकार असे पाठीकडूनच ओळखीचे होत असतील.

तिसऱ्या वर्षी सुरतेला नवी टीम निघाली. लाल जर्सी, परदेशी सायकली, शिकवायला खरा प्रशिक्षक, वर्षभराचा पक्का पगार. आमच्यातल्या तिघांना त्यांनी बोलावलं. दिलवर, भूषण आणि आणखी एक जण. शहाद्यात चहाच्या टपरीवर लोक मला म्हणायचे, तू खरा निष्ठावंत, तू गेला नाहीस. मी चहा संपवायचो. खरी गोष्ट अशी की मला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, याची काळजी करण्यात त्या दिवाळीतले बरेच दिवस गेले.

दिलवरवर कुणी रागावलं नाही. रागवावं असं त्यानं काही केलंच नव्हतं. घर डोंगरात, बहीण नर्सिंग शिकत होती, धाकटे दोघं आश्रमशाळेत. त्यानं भाईंना आधी सांगितलं, मग आम्हाला. भाई थोडा वेळ केळीच्या घडावरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, ट्रक विसरवाडीला जातोच आहे, तिथवर त्यातूनच जा, एसटीचे धक्के कशाला खाता. जाणाऱ्यांना आपल्याच ट्रकमधून पोचवणारा मालक मी दुसरा पाहिलेला नाही.

राहिलेले आम्ही तिघंही विसरवाडीपर्यंत गेलो. हमरस्त्यावरचा तो नाका, ट्रकांच्या रांगा, वड्याच्या तेलाचा वास, सुरत सुरत म्हणून ओरडणारे. नव्या टीमची गाडी त्यांना घ्यायला तिथंच यायची होती. मंगलाकाकींनी तिघांना ठेच्याच्या बरण्या दिल्या होत्या आणि भाईंनी एकेक फणी केळी. भूषण ती फणी छातीशी धरून उभा होता, देवाचं लेकरू धरल्यासारखी. माझे डोळे भरून आले तसा तो ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणाला, “देख, हाऊ जतवाला रडी ऱ्हायना.” मी म्हणालो, मिरचीनं झालंय. “आठे मिरची कोठे शे रे? आठे तं वडा शे.” नाक्यावर मिरची नव्हती, वडाच होता. सगळे हसले. दिलवर हसला नाही. त्यानं माझ्या सायकलची साखळी बोटानं ओढून बघितली आणि म्हणाला, हिला तेल घाल, दुरून ऐकू येते. मग लाल गाडी आली.

परतीला ट्रकमध्ये आम्ही तिघं निळे आणि तीन सायकलींची रिकामी जागा. त्या जागेत केळीची पानं नुसती हलत होती.

त्या आठवड्यात भाईंनी आम्हाला बसवलं. ते गोल गोल बोलत नाहीत. म्हणाले, अर्ध्या टीमवर टीम चालत नाही, घरातले भाऊही आता विचारतात की हे कशासाठी. होळीच्या आधी शहाद्याची मोठी शर्यत आहे. तिच्यात पहिल्या तिघांत एक निळी जर्सी दिसली तर पुढचं वर्ष. नाही दिसली तर टीम गुंडाळायची, कुणी मनात काही ठेवायचं नाही. राहिलेल्या दोघांपैकी एकाचा गुडघा सुजलेला होता. दुसरा सपाटीवर तुफान, पण चढ दिसला की देवाचं नाव घेणारा. सगळे माझ्याकडं बघत होते. मी सायकलीचं कुलूप बघायला उठलो.

घरी कळवलं. आई म्हणाली, मामाच्या धाब्यावर माणूस पाहिजेच आहे, ये की. वाईट काम नव्हे. पण मला धाब्यावरून जाणाऱ्या सायकली दिसायला लागल्या. नववी शिकलेल्या, भीतीनं भरलेल्या माणसाला जगात एकच गोष्ट बरी करता येते, आणि तीही कुणाच्या तरी आडोशाला. आता आडोसाच सुरतेला गेला होता.

त्या दिवसांत मला कुणी कुणी सांभाळलं ते लिहून ठेवावंसं वाटतं. मंगलाकाकी रोज ताटात एक भाकरी जास्त वाढायच्या आणि नाही म्हटलं की बहिऱ्या व्हायच्या. सुजलेल्या गुडघ्याचा तो सोबती, संजू, मोटरसायकलवर बसून माझ्यापुढं वारा कापत जायचा, एक पाय सरळ लांब करून, जत्रेतल्या सोंगासारखा. ब्राह्मणपुरीचे शेतकरी सकाळी केळीला पाणी देताना हात वर करायचे. एकानं तर मला थांबवून सांगितलं, तुम्ही निघाला की मन्ही म्हैस दूध देस, टीम बंद नका करू. मी त्यावर बरेच दिवस हसलो, आणि हसता हसता घाबरलोही, कारण आता म्हशीचीही जबाबदारी आली.

शर्यतीचा दिवस उजाडला तो वारा घेऊनच. पूर्वेचा, कोरडा. शहाद्याहून निघून प्रकाशाचा पूल, नंदुरबारला वळसा, आणि त्याच रस्त्यानं परत. निघताना लाल जर्सीतला दिलवर दिसला. नवी शिवण, नवी टोपी. त्यानं मान हलवली, मीही हलवली. भूषणनं मात्र लांबूनच विचारलं की काकींनी ठेचा पाठवलाय का, पहिली बरणी त्यांच्या मॅनेजरनंच संपवली.

जाताना काही झालं नाही. मोठा घोळका होता, घोळक्यात वारा वाटला जातो. नंदुरबारच्या वळशाला मिरचीचा खाट, नाकात चढणारा तिखटपणा, आला, निम्मे लोक खोकत मागं पडले. लाल जर्सीवाल्यांनी तिथंच वेग वाढवला. त्यांना माहीत होतं, मिरचीत श्वास कसा धरायचा ते आम्ही एकत्रच शिकलो होतो. ते मलाही माहीत होतं. आमच्यातला चढाला घाबरणारा तो सोबती माझ्यापुढं जीव तोडून राबला, मला त्यांच्या शेपटीला लावून दिलं आणि संपला. मागं पडताना त्यानं हात जोडले. मला जोडले की देवाला, कोण जाणे. पुलाच्या अलीकडं आम्ही पाच-सहा जण उरलो. पुढं दिलवर, मागं भूषण, त्यांचा आणखी एक, एक-दोन बाहेरचे, आणि सगळ्यात शेवटी मी.

परतीला वारा उजवीकडून. अशा वेळी पुढच्या टीमचा डाव ठरलेला असतो, आणि तो बरोबरच आहे, त्यात लबाडी नाही. पुढच्यानं रस्त्याच्या डाव्या कडेला चिकटून जायचं. म्हणजे त्याच्या आडोशाची जागा रस्त्यावर उरतच नाही, मागचे सगळे एका रेषेत वाऱ्याला तोंड देत राहतात आणि एकेक करून गळतात. लाल टीमनं हेच ठरवलं असणार. मी असतो तर मीही तेच केलं असतं. पूल दिसला. मनात मामाचा धाबा आला, तिथलं पाण्याचं पिंप, ओलं फडकं.

दिलवर पुलावर चढला. आणि कडेला चिकटण्याऐवजी तो मधोमध राहिला, मागं न बघता त्याचा हात कमरेवर गेला. दोन थापा.

मी विचार केला नाही. केला असता तर गेलोच नसतो. पाय आपोआप चालले, रांगेच्या डाव्या अंगानं पुढं सरकलो आणि त्याच्या कमरेशी चाक लावलं. कानातला आवाज बंद झाला. वादळाच्या आतलं ते घर. क्षणभर मला वाटलं, काही बदललेलंच नाही, कुणी कुठं गेलेलंच नाही, आता पुढच्या वळणावर भोंगा ऐकू येईल आणि काकी ताटं मांडत असतील. मग समोरची पाठ लाल दिसली.

मागून भूषण ओरडला, “ओ दादा, हाऊ आपला नही आते. हाऊ निळा शे.”

दिलवरनं मान वळवली. एवढ्या दिवसांत पुलावर त्यानं पहिल्यांदा मागं बघितलं. मला बघितलं, माझ्या जर्सीकडं बघितलं. त्यानं हातभर सरकायचं होतं फक्त, डावीकडं, आणि मी कठड्याला लागून वाऱ्यावर गेलो असतो. मी स्वतःच बाजूला व्हावं का, असंही मनात आलं. तेवढ्यात तो पुढं वळला आणि भूषणला ऐकू जाईल एवढंच म्हणाला, “पूल सरू दे.”

पूल सरला. सरल्याबरोबर तो पॅडलवर उठला आणि असा सुटला की मी बघतच राहिलो. खरी शर्यत तिथून सुरू झाली आणि त्यात त्यानं मला काडीचीही सवलत दिली नाही. तो पहिला आला. भूषण दुसरा, आणि पोचल्यावर मला शिव्या देत माझ्याच बाटलीतलं पाणी प्याला. मी तिसरा.

भाई केळीच्या ट्रकवर चढून उभे होते. त्यांना निळा रंग दुरून दिसला की नाही माहीत नाही, कारण ते चष्मा पुसत होते. खाली उतरून मला म्हणाले, “चल, पुढच्या वर्षाच्या जर्सी शिवायला टाकू.” बस्स. मंगलाकाकींनी माझ्या डोक्यावरून बोटं ओवाळून मोडली. मी आईला फोन केला आणि सांगितलं, धाब्याला दुसरा माणूस बघायला सांग. आई म्हणाली, “कुणी मदत केली का न्हाई बाळा?” मी म्हणालो, आमच्या दिलवरनं. ती म्हणाली, “तो तर गेला न्हवं?” मी म्हणालो, हो, गेला. तिनं फोन ठेवला. बहुतेक तिला कळलं, किंवा स्टँडवर तिची बस आली असेल.

सगळं नीट झालं की मला काळजी लागते. पुढच्या शर्यतीत लाल टीम उतरली, तिच्यात दिलवर नव्हता. तिच्या पुढचीतही नव्हता. कुणीतरी सांगितलं की त्यांच्या मॅनेजरनं पुलावरचं सगळं गाडीतून बघितलं होतं आणि त्याला घरी बसवलं होतं. माझं पुढचं वर्ष त्याच्या पाठीतून कापून घेतल्यासारखं वाटायला लागलं. ठेचा बेचव लागायचा, पण मी जेवायचो, कारण काकी उभ्या असायच्या. होळी जवळ आली, डोंगरात ढोल सुरू झाले. दिलवर गावी आला असेल म्हणून एका सकाळी त्याला फोन लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. माफ कर म्हणायचं, तुझी सवय होती, चुकून झालं, मी तुझ्या मॅनेजरला तसं सांगतो म्हणायचं.

त्यानं ऐकून घेतलं. पाठीमागं कुणीतरी ढोलाचं कातडं शेकत असावं, मधूनमधून एकेक ठोका पडत होता.

“मॅनेजर चांगला माणूस आहे,” तो म्हणाला. “त्याचं बरोबर आहे. होळीनंतर खेळवतो म्हणाला.”

मी म्हणालो, पण चूक झाली ना तुझी, माझ्यामुळं.

“अरे, तुझी साखळी मला नंदुरबारपासून ऐकू येत होती. तेल नाही घातलंस तू.” मग म्हणाला, “थाप मारली ती सवय. पहिल्या खांबापर्यंत सवय होती. तिथून पुढं मी होतो.”

मी नुसतं हो म्हणालो. त्यानंतर आम्ही बराच वेळ टायरांबद्दल बोललो, त्याच्या नव्या टायरांना उसाच्या रस्त्यावर पकड कशी येत नाही याबद्दल.